घोड्याचा फॉर्म, ओला ट्रॅक आणि रेसकार्डावरचे फसवे आकडे

मुठेकाठ | शुक्रवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी.

पुण्याचा सीझन सुरू झाला की आमच्या सोसायटीतले एक काका दर शनिवारी रात्री रेसकार्ड घेऊन माझ्याकडे येतात. मागच्या खेपेला त्यांनी एका घोड्याच्या नावापुढचे आकडे दाखवले, ८-९-६ (मागच्या तीन शर्यतींत कितवा आला ते), आणि म्हणाले, "हा तर ढ आहे. काट याला." मी म्हटलं, काटू, पण आधी या तीन शर्यती कुठे नि कधी झाल्या ते बघू. तिन्ही मुंबईच्या, फेब्रुवारी ते एप्रिलमधल्या. पाणी मारून राखलेली हिरवळ, पण हवा कोरडी आणि वर ऊन. आणि आमचा विषय होता जुलैतली, चार दिवस संततधार खाल्लेल्या ट्रॅकवरची शर्यत. घोडा दुसरा आला. (काकांनी काटला होता. मीही लावला नव्हता, तेव्हा कॉलर ताठ करायचं कारण नाही.)

त्यावरून हा धागा. टिप मिळणार नाही, माझ्याकडे टिप नसतात. वीसेक वर्षं वह्या भरल्यात, त्यातून जे हाताला लागलं ते मांडतो.

आपल्याकडची गंमत अशी. मुंबईचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर. महालक्ष्मीची जागा मुळातच पाणथळ, पावसात तिथे रेस नकोच. म्हणून घोडे घाट चढून वर येतात. त्यामुळे पुण्याच्या पहिल्या दोन-तीन रविवारी कार्डावर जो 'अलीकडचा फॉर्म' छापलेला असतो, तो ना अलीकडचा असतो, ना या जमिनीवरचा. मधे तीन महिने गेलेले, गाव बदललेलं, जमीन बदललेली. तरी सगळे त्या आकड्यांकडे पंचांगासारखे बघतात.

मी काय करतो ते एका घोडीवरून सांगतो. घोडी काल्पनिक आहे, पण अशा डझनभर पाहिल्यात. नाव ठेवू तांबडी. वय चार. शेवटच्या सात शर्यती, जुनीकडून नवीकडे:

७-२-१-३-८-६-९

असं सरळ वाचलं तर चांगली चाललेली घोडी घसरणीला लागली. आता यातली जमीन वेगळी काढा. सातवा नंबर गेल्या जुलैत, सुट्टीवरून आल्या आल्या. दुसरा आणि पहिला ऑगस्ट-सप्टेंबरात, दोन्ही वेळा ट्रॅक भिजलेला. तिसरा ऑक्टोबरात, जमीन वाळत आलेली. मग आठ-सहा-नऊ मुंबईत. आता ही घसरण राहिली नाही. घोडीला ओलं आवडतं आणि हिवाळा तिचा नाही, एवढाच अर्थ उरला.

पण खरी गोम पुढे आहे. जिंकली तेव्हा तांबडीचं रेटिंग, म्हणजे कुवतीचा आकडा, समजा ३८ होतं. जिंकल्यावर हँडिकॅपरने, म्हणजे हे आकडे आणि त्यांवरून पाठीवरचं वजन ठरवणाऱ्याने, ४५ केलं. मुंबईत सलग हरली, रेटिंग उतरत उतरत ३६ वर आलं. एक पॉइंट म्हणजे पाठीवर अर्धा किलो. म्हणजे मागच्या वर्षी जिंकली त्याहीपेक्षा ती आज एक किलो हलकी धावणार, त्याच चौथ्या वर्गात, तिच्या आवडीच्या चिखलात. (वरच्या टोकाला कोणता घोडा आहे त्यावर सगळ्यांचंच वजन वर-खाली होतं. ते दर शर्यतीला मोजून घ्यावं लागतं.) ज्या पराभवांमुळे लोक तिला काटतात, त्याच पराभवांनी तिचं ओझं उतरवलेलं असतं. माझ्या वहीत सगळ्यात जास्त खुणा कुठे असतील तर या एका गोष्टीच्या.

आता तुम्ही म्हणाल, तीन महिने सुट्टीवर होती, तयार आहे कशावरून? त्यासाठी सकाळचे गॅलप, म्हणजे सरावाच्या दौडी, बघायचे. "६०० मीटर ४० सेकंद, इझी" आणि "६०० मीटर ४० सेकंद, अर्ज्ड" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली घोडी हसत पळाली, दुसरीला हाणावं लागलं. सेकंद तेवढेच. मॉक रेसमध्ये, म्हणजे सरावाच्या शर्यतीत, पळाली असेल तर उत्तमच. मात्र गॅलप बहुतेक वाळूवर होतात आणि रेस हिरवळीवर. गॅलपवरून दमसास कळतो, ओल्या हिरवळीची आवड कळत नाही. या दोन प्रश्नांची उत्तरं दोन वेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात आणि नव्वद टक्के गोंधळ (हा आकडा माझ्या मनातला) एकाच्या जागी दुसरं वाचल्यामुळे होतो.

ट्रॅक किती ओला ते कसं कळायचं? रेसच्या दिवशी पेनेट्रोमीटरचं रीडिंग जाहीर होतं. हे मूळ फ्रेंचांचं अवजार. एक किलोचं वजन एक मीटर उंचीवरून सळईवर सोडायचं, सळईच्या टोकाचं क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर, आणि ती किती सेंटिमीटर रुतली ते मोजायचं. जितकी रुतली तितकी जमीन मऊ. असं बऱ्याच जागी करून सरासरी काढतात. पण सरासरी ती सरासरी. आतल्या कठड्यालगत चिखल आणि बाहेर घट्ट हिरवळ असेल तर सरासरीवरून दोन्हीचा पत्ता लागत नाही. त्यात फॉल्स रेल, म्हणजे आतल्या बाजूचं तात्पुरतं कुंपण, कुठे लावलंय ते बघायचं. ते बाहेर सरकवलं की घोडे न तुडवलेल्या गवतावर पळतात.

बरंच लिहिलं. बाकी प्रतिसादांत.

---

टनालावाला | शुक्रवार, रात्री १०.१५

पहिला!

वीस वर्षं वह्या भरून किती कमावले ते सांगा मालक, मग पुढचं वाचतो. आम्ही पॅडॉकला (रेसआधी घोडे फिरवतात तिथे) जातो, घोडा बघतो, बुकीचा भाव बघतो. भाव पडला, म्हणजे घोड्यावर पैसा लागला, की आत कुणीतरी काहीतरी जाणतोय. विषय संपला.

आणि ते पेनेट्रोमीटर म्हणजे छत्री खुपसून पाहण्यासारखंच झालं की.

---

मुठेकाठ | शुक्रवार, रात्री १०.३१

@टनालावाला, कमावले नाहीत. वह्यांचा खर्च निघाला असेल. भावाचं म्हणाल तर भाव पडतो तेव्हा कुणीतरी जाणत असतो हे खरं, पण तो कुणीतरी बरोबर असतोच असं कुठाय? तबेल्यातल्या माणसाला आपला घोडा तयार आहे एवढं कळतं. बाकी नऊ घोड्यांचं त्याला तुमच्या-माझ्याइतकंच कळतं.

---

नालबंद | शुक्रवार, रात्री ११.०२

बऱ्याच दिवसांनी कामाचा धागा. माझं लहानपण तबेल्याच्या आवारात गेलं, वडील घोड्यांना नाल मारत. आयडीचं कारण तेच. थोडी भर घालतो.

ओलं आवडतं की नाही हे कार्डाच्या आधी पायांत दिसतं. काही घोडे गुडघा उंच उचलून पाय वरून खाली टाकतात, कुदळ मारल्यासारखा. दिसायला बेढब, पण चिखलात पाय सहज सुटतो. काही घोडे पाय जमिनीलगत पुढे सरकवतात, विळ्याने गवत कापावं तसे. कडक जमिनीवर त्यांच्यासारखं सुंदर काही नाही. चिखलात मात्र तोच पाय अडकतो, आणि दर ढांगेला थोडाथोडा वेळ खाल्ला की २०० मीटर उरले असताना घोडा उभा राहिल्यासारखा वाटतो. वडील खुराचा पसारा बघायचे. रुंद, ताटलीसारखा खूर असला की म्हणायचे, "हा पावसाचा." नेहमी खरं व्हायचं नाही, पण नुसत्या आकड्यांपेक्षा बरं.

दुसरं म्हणजे सगळं ओलं सारखं नसतं. पाऊस चालू असताना वर पाणी उभं असतं, तेव्हा खूर पाण्यातून खाली जातो आणि सुटूनही येतो. त्रास होतो दोन दिवस उघडीप पडल्यावर. पाणी आटतं, माती चिकट होते, खूर धरून ठेवते. घोड्याची खरी दमछाक तिथे. लोक म्हणतात, "ऊन पडलं, ट्रॅक सुधारला." दिसायला सुधारला हो! त्या दिवशी मी १२०० मीटरची शर्यत १४०० ची समजून बघतो. जो घोडा १४०० ला शेवटपर्यंत टिकतो तोच त्या दिवशी १२०० ला पुढे येतो. नुसता वेगाचा घोडा ८०० पर्यंत राजा आणि पुढे हमाल.

आणि आघाडीवर पळणाऱ्याला एक फायदा असतो. मागच्यांच्या तोंडावर चिखलाचे गोळे बसतात, त्याच्या नाही. काही घोडे तोंडावर माती आली की पळायचंच सोडतात. ते कार्डावर कुठेच येत नाही. रेसचा व्हिडिओ बघा. मान वर करून डोकं झटकणारा घोडा दिसेल.

---

गूळपोळी | शुक्रवार, रात्री ११.२०

नालबंद, वेगळा धागा काढा ही नम्र विनंती. "विळ्याने गवत कापावं तसे" हे डोळ्यांसमोर आलं.

मला रेसमधलं ओ की ठो कळत नाही. मी त्या रेसकोर्सवर फक्त सकाळी चालायला जाते. पण एक शंका. चौथा वर्ग म्हणजे घोडा चौथ्या प्रतीचा का?

---

मुठेकाठ | शुक्रवार, रात्री ११.३४

@गूळपोळी, प्रत म्हणण्यापेक्षा शाळेतली इयत्ता म्हणा. मुंबई-पुण्यात चौथा वर्ग साधारण २० ते ४६ रेटिंगचा, तिसरा ४० ते ६६ चा. जिंकलात की वरच्या इयत्तेत, नापास होत राहिलात की खाली. मधे थोडा भाग दोन्हीकडे येतो. त्यामुळे ४२ चा घोडा तिसऱ्या वर्गात जवळपास सगळ्यांत हलका, तर चौथ्यात जवळपास सगळ्यांत जड. तोच घोडा, तेच रेटिंग, पण कुठे धावतोय त्यावर त्याचा फॉर्म वेगळा वाचावा लागतो. तिसऱ्या वर्गात पाचवा आलेला कधीकधी चौथ्यातल्या विजेत्यापेक्षा चांगला पळालेला असतो.

@नालबंद, चिकट जमिनीचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. खरं तर तोच आधी यायला हवा होता.

---

रास_आकडे | शनिवार, सकाळी ७.४८

धागाकर्त्यांच्या तांबडीवर माझा आक्षेप आहे. शांतपणे नोंदवतो.

तांबडीच्या ओल्या शर्यती नक्की किती? दोन. वाळती धरली तर तीन. तेवढ्यावरून "घोडीला ओलं आवडतं" हे विधान? एक हिशेब करून बघा. आठ घोड्यांची शर्यत, सगळे अगदी सारखे, निकाल निव्वळ नशिबाचा. असा एक घोडा ओल्यात तीन शर्यती पळाला, तर त्यातल्या किमान दोन जिंकण्याची शक्यता सुमारे ४.३ टक्के. कमी वाटते ना? पण सीझनमध्ये असे ३०० घोडे असतील, तर त्यातले १२-१३ घोडे कसलीही आवड नसताना केवळ योगायोगाने "चिखलाचे राजे" ठरतील. तुमच्या वहीत नेमके तेच शिरणार, कारण बाकीच्या २८७ कडे तुम्ही बघणारच नाही.

जिंकला-हरला यापेक्षा किती लेंथने (एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) हरला, कोणाकडून हरला, किती वजन घेऊन हरला हे धरलं तर प्रत्येक शर्यतीतून जास्त माहिती निघते. दोन ओल्या शर्यतींत दुसरा आणि चौथा, पण दोन्हीकडे अर्ध्या-पाऊण लेंथचाच फरक आणि पाठीवर सगळ्यांत जास्त वजन, असा घोडा मला एका विजयापेक्षा जास्त पटतो.

वेळेच्या बाबतीतही तेच. ओल्या दिवशीची वेळ कोरड्या दिवसाच्या वेळेशी लावून काय उपयोग? त्याच दिवशी, त्याच अंतराची दुसरी शर्यत असेल तर तिच्याशी लावा. खालच्या वर्गाची शर्यत वरच्या वर्गाच्या शर्यतीपेक्षा लवकर संपली असेल तर तिथे थांबून बघण्यासारखं काहीतरी आहे.

---

मुठेकाठ | शनिवार, सकाळी ९.०५

@रास_आकडे, मान्य. अगदी मान्य. ३०० चा हिशेब वाचून चहा गार झाला.

माझ्या बाजूने एवढंच म्हणतो की तीन शर्यती म्हणजे पुरावा नाही, संशय. संशय आला की बाकीच्या गोष्टी बघायच्या. नालबंदांनी सांगितलेली चाल, त्याच घोडीची सख्खी भावंडं ओल्यात कशी पळाली, बापाची इतर पोरं कशी पळतात. चारही बोटं एकाच दिशेला असतील तर मी वहीत रेघ ओढतो. एकच बोट असेल तर प्रश्नचिन्ह. तांबडीपुढे प्रश्नचिन्ह हवं होतं, मी रेघ ओढली. चूक.

---

लीड्सकर | शनिवार, दुपारी २.२६ (इथे सकाळ)

वाचतोय, मजा येतेय. इकडे यॉर्कशायरमध्ये ट्रॅक आणि पाऊस हे गप्पांचे विषय नसून धर्म आहेत, म्हणून राहवलं नाही.

आमच्याकडे जमिनीला सात नावं आहेत: हार्ड, फर्म, गुड टू फर्म, गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी. शिवाय गोइंगस्टिक नावाची काठी असते. ती जमिनीत किती जोराने घुसते आणि तिरकी ओढल्यावर माती किती धरते, हे दोन्ही मोजते. त्यात आकडा जितका मोठा तितकी जमीन कडक, म्हणजे तुमच्या पेनेट्रोमीटरच्या बरोबर उलट. ऑस्ट्रेलियात एक ते दहा, आणि तिथे दहा म्हणजे सगळ्यांत जड. देश बदलून फॉर्म वाचणाऱ्याची फसगत इथून सुरू होते. अमेरिकेचं तर विचारूच नका. तिथे हिरवळीच्या ट्रॅकला 'फर्म' म्हणजे उत्तम, आणि 'गुड' म्हणजे त्याच्या एक पायरी खाली, जरा ओलसर. नाव गुड, पण आमचं गुड नव्हे.

आता गोष्ट. २०१५ साल, घोडा गोल्डन हॉर्न. ट्रेनर जॉन गॉस्डेन, जॉकी फ्रँकी डेटोरी. जूनमध्ये एप्सम डर्बी जिंकली, जुलैच्या सुरुवातीला सँडाउनला एक्लिप्स जिंकली. जुलैअखेर ॲस्कॉटला किंग जॉर्ज होती. पाऊस कोसळला, जमीन मऊ झाली, आणि रेसच्या दिवशी सकाळी घोडा काढून घेतला. ऑगस्टमध्ये यॉर्कला आला. मी स्टँडवर होतो. जमीन गुड टू सॉफ्ट. सगळं जग त्याच्यावर लावून बसलेलं आणि अरेबियन क्वीन नावाच्या, एकाला पन्नास भावाच्या फिलीने (तरुण घोडीने) त्याला मानेच्या अंतराने हरवलं. शेजारचा म्हातारा तिकीट फाडत म्हणाला, जमीन, जमीन.

पण व्हिडिओ पुन्हा बघितला तर दुसरंही दिसतं. घोडा सुरुवातीला लगाम ओढत, अधीर होऊन पळत होता. ताकद तिथेच गेली. मग दोष जमिनीचा की अधीरपणाचा? पुढे सप्टेंबरात लेपर्ड्‌सटाउनला आयरिश चॅम्पियन जिंकला, ऑक्टोबरात पॅरिसला चांगल्या जमिनीवर आर्क जिंकला, आणि महिन्याअखेर अमेरिकेत कीनलँडला, पाऊस खाल्लेल्या त्यांच्या त्या 'गुड' ट्रॅकवर, फाउंड नावाच्या फिलीकडून अर्ध्या लेंथने हरला. एकूण नऊ शर्यती, सात विजय, दोन पराभव. दोन्ही पराभव ओलसर जमिनीवर.

रास_आकडे म्हणतील दोनच! म्हणोत. पण गॉस्डेनने किंग जॉर्जमधून घोडा काढला तो या दोन्ही पराभवांच्या *आधी*. मला तो निर्णय दोन पराभवांपेक्षा मोठा पुरावा वाटतो.

---

रास_आकडे | शनिवार, दुपारी २.५०

म्हणणारच होतो. :)

पण शेवटचं वाक्य पटलं. निकालाच्या आधी घेतलेला, आणि ज्याची किंमत मोजावी लागते असा निर्णय ही वेगळीच माहिती आहे.

---

मुठेकाठ | शनिवार, दुपारी ३.१०

@लीड्सकर, वा. मी जे सांगायचा प्रयत्न करत होतो ते तुम्ही एका घोड्यात सांगितलंत.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर एक नियम लिहिलाय: सबब रेसच्या आधी सापडली तरच सबब. हरल्यावर प्रत्येक घोड्याला कारण मिळतं. जमीन ओली होती, कोरडी होती, गेट खराब लागलं, जॉकी झोपला होता. तबेल्यात तर सबबींचं गोदाम असतं. म्हणून मी शनिवारी रात्री लिहून ठेवतो की अमुक घोड्याला उद्याची जमीन जड जाईल, आणि मगच रविवारी पाहतो. खराब पळाला तर पराभव माफ, पुढे कोरड्यात परत विचार. काही न लिहिता खराब पळाला तर पराभव पदरात घालायचा, मागाहून जमिनीवर ढकलायचा नाही.

याला अपवाद एकच, स्ट्युअर्ड्सचा, म्हणजे रेसच्या पंचांचा, रिपोर्ट. त्यात छापील आलं की सुटताना घोडा मागे राहिला, खोगीर सरकलं, नाकातून रक्त आलं, तर ती सबब पक्की. नाकातून रक्ताचं मात्र वेगळं आहे. ती शर्यत माफ, घोड्याबद्दलची काळजी माफ नाही. पुन्हा होऊ शकतं.

---

टनालावाला | शनिवार, दुपारी ३.४४

फ्रँकेल विसरलात काय रे सगळे? २०१२, ॲस्कॉट, चॅम्पियन स्टेक्स, मऊ जमीन, काही ठिकाणी जड. समोर सिरस देझ एग्ल, चिखलातला पैलवान. फ्रँकेल गेटमधून उशिरा निघाला, तरी पावणेदोन लेंथने जिंकला. चौदापैकी चौदा! घोडा अव्वल असला की जमीन गेली तेल लावत.

---

लीड्सकर | शनिवार, दुपारी ४.०२

बरोबर, पण त्याने नेहमी जेवढ्या अंतराने लोकांना उडवलं तसं त्या दिवशी उडवलं का? नाही. जमिनीने आपला हप्ता घेतलाच, फक्त त्याच्याकडे देऊन उरेल इतकं होतं. तुमच्या चौथ्या वर्गातल्या घोड्याकडे नसतं.

---

आजोळचीआठवण | शनिवार, संध्याकाळी ६.१५

सगळं वाचलं. अभ्यास आहे हे दिसतं. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या आईच्या वडिलांचाही अभ्यास होता. अशाच वह्या होत्या, निळ्या पुठ्ठ्याच्या. गिरगावातली खोली त्या वह्यांत गेली. आजी शेवटपर्यंत घोड्याचं चित्रसुद्धा घरात लावू देत नसे. तुम्ही कितीही शास्त्र म्हणा, आमच्या घरात त्याचं नाव वेगळं आहे.

---

वकीलसाहेब | शनिवार, संध्याकाळी ६.४०

कायद्याने १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मणन प्रकरणात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला आहे. माहितीसाठी.

---

आजोळचीआठवण | शनिवार, संध्याकाळी ६.५२

माहितीबद्दल आभार. खोली परत मिळेल का?

---

मुठेकाठ | शनिवार, रात्री ८.०५

@आजोळचीआठवण, तुमच्या आजींना नमस्कार. यावर वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी अलीकडे लावतच नाही म्हटलं तरी चालेल. ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० झाला. एवढा कर आधी कापून गेल्यावर कितीही बारीक हिशेब केलात तरी तळाला भोक असलेल्या घागरीत पाणी भरणं आहे. नवीन कुणी हा धागा वाचून "चला, पद्धत मिळाली" म्हणत निघाला असेल तर त्याने परत फिरावं. मला घोडा आणि जमीन यांचं कोडं आवडतं. कुणाला शब्दकोडं आवडतं तसं.

---

गूळपोळी | शनिवार, रात्री ९.२०

वातावरण गंभीर झालं, म्हणून एक बावळट प्रश्न. घोडा पहिल्यांदाच पळत असेल, फॉर्मच नसेल, तर ओल्यात कसा पळेल हे कसं ठरवायचं?

---

नालबंद | शनिवार, रात्री ९.५१

बावळट नाही, सगळ्यांत अवघड प्रश्न आहे. बाप आणि आई बघायचे, चाल बघायची, आणि पॅडॉकमध्ये स्वभाव बघायचा. भित्रा, कान मागे पाडून घाम फोडणारा नवखा घोडा पहिल्याच दिवशी तोंडावर चिखल घेणार नाही. एवढं करून गप्प बसायचं. वडील अशा शर्यतीला चहा प्यायला जायचे.

---

टनालावाला | शनिवार, रात्री १०.१२

ते जाऊ दे. उद्याचं बोला. कॅम्पात आत्ता धो-धो चालू आहे.

---

मुठेकाठ | शनिवार, रात्री १०.३०

कोथरूडला थेंब नाही! हेच तर. @नालबंद, तुम्ही त्या बाजूला राहता ना?

---

नालबंद | रविवार, सकाळी ७.१८

आत्ता चालून आलो. रात्री बारापर्यंत पाऊस होता, पहाटेपासून उघडीप, वारा आहे. ट्रॅकवर पाय ठेवू देत नाहीत, म्हणून कठड्यातून हात घालून टनालावाल्यांचं यंत्र वापरलं. छत्रीचं टोक चार बोटं गेलं, पण बाहेर काढताना ओढावं लागलं.

---

मुठेकाठ | रविवार, सकाळी ७.२५

ओढावं लागलं? म्हणजे चिकट. काल रात्री लिहिलेलं पान फाडतोय.

कुठे खुपसली? वळणावर की सरळ भागात?

---

नालबंद | रविवार, सकाळी ७.३१

वळणावर. सरळ भागात जाईपर्यंत वॉचमनने बघितलं.